सर, यंदा स्टेजवर चढायचंय

दिवाळीचा फराळ संपला की या पानाकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. एरवी पोट कमी कसं करू आणि कंबर का दुखते हे चालू असतं, आणि मग जानेवारी ते मार्चचा शरीरसौष्ठव स्पर्धांचा सीझन दिसायला लागला की सगळ्यांना चड्डी घालून स्टेजवर जायचं असतं. यावेळी पहिल्यांदाच उतरणाऱ्यांची पत्रं इतकी आली की अख्खं पान त्यांनाच देऊन टाकलंय.

प्रश्न : सर नमस्कार, मी भांडुपचा, वय २४, उंची ५ फूट ६ इंच, वजन ७६ किलो. यंदा नवोदित मुंबई श्री खेळायचं डोक्यात आहे, साधारण १४ आठवडे हातात आहेत. जिममधले सगळे बोलतात साइज नाहीये, अजून एक वर्ष बल्क कर. मी ७५ च्या गटात खेळू की ८० च्या? आणि डाएट पण सांगा ना.

ना ७५ ना ८०, तू ७० च्या गटातला पोरगा आहेस. तू पाठवलेल्या फोटोत पोटाच्या वरच्या दोन विटा दिसतायत आणि खाली सगळं झाकलेलं आहे, म्हणजे सात-आठ किलो उतरवायला जागा आहे. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे तुझ्या बाबतीत ४०० ते ७०० ग्रॅम, एवढंच उतरव. त्याहून फास्ट गेलास तर चरबीबरोबर मसल पण जाईल आणि वजनकाट्यावर खूश होऊन तू आरशात रडशील. १४ आठवड्यांत ६८-६९ वर येशील, आणि आपल्याकडे गट ५५, ६०, ६५, ७० असे पाच-पाच किलोचे असतात त्यामुळे ७० मध्ये आरामात बसशील.

आता साइजचं. नवोदितमध्ये पंचांच्या टेबलावरून काय दिसतं ते सांगतो, कारण तिथे मी बरीच वर्षं बसतोय. दहा पोरं लाइनीत उभी राहतात, त्यातल्या सहांचे हात तुझ्यापेक्षा मोठे असतात, पण पाठ फिरवली की सपाट, कमरेवर पाणी, आणि मांड्या बघाव्यात तर एकसंध खांब, रेषच नाही. मग एखादा बारीकसा पोरगा असतो ज्याचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, वेगळा दिसतो, कमरेच्या वर पाठीत खाली स्नायूंच्या रेषांची ख्रिसमस ट्री उठलेली असते, आणि त्याच्यावरून पेन पुढे सरकतच नाही. कंडिशन, म्हणजे चरबी उतरून रेषा दिसणं, साइजला खाते, निदान पहिल्या वर्षी तरी. 'अजून एक वर्ष' म्हणणारे लोक पुढच्या वर्षी पण हेच म्हणणारेत, तू उतर.

डाएट. प्रोटीन किलोमागे २ ते सव्वादोन ग्रॅम धर, म्हणजे तुला रोज १५५-१६५. हे काही आभाळातून आणायचं नाहीये. आठ अंड्यांचे पांढरे आणि दोन पूर्ण अंडी मिळून ४० च्या आसपास झाले, कच्चं वजन करून ४०० ग्रॅम चिकन ब्रेस्ट म्हणजे ९० च्या आसपास, एक स्कूप व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) २४, उरलेलं डाळ-भात-दह्यातून येतं. फॅट ५० ग्रॅमच्या खाली नेऊ नकोस, हार्मोन त्याच्यावर चालतात. कापायचा तो भात-पोळीचा हिस्सा, तोही एकदम नाही, वजन दोन आठवडे हललंच नाही की मूठभर कमी. आणि कार्डिओ म्हणजे चढावर किंवा ट्रेडमिलला तिरकं करून ३०-४० मिनिटं भराभर चालणं. पहिल्याच आठवड्यात दिवसाला दोन टाइम कार्डिओ सुरू केलास तर दहाव्या आठवड्यात वाढवायला काय उरणार?

एक गोष्ट सगळे चुकवतात. कटिंग (चरबी उतरवणं) म्हणून उचलायचं वजन हलकं करून २५-२५ रेप्स मारत बसतात. ज्या वजनाने मसल आलं त्याच वजनाने ते टिकतं, सेट कमी कर हवं तर, पण बारवरच्या प्लेट शक्य तितक्या दिवस उतरवू नकोस.

आणि पोझिंग आजपासून. आजपासून म्हणजे आज रात्रीपासून. सात मॅन्डेटरी, म्हणजे सक्तीच्या पोझ आहेत: फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स, ॲब्डॉमिनल अँड थाय. बॅक डबलमध्ये नव्वद टक्के नवी पोरं फक्त हात वर करतात. एक पाय मागे घे, टाच उचलून बोटांवर दाब दे म्हणजे पोटरी फुटेल, तोच गुडघा किंचित वाकव म्हणजे हॅमस्ट्रिंग येईल, मग नितंब आवळ, मग हात, आणि शेवटी छाती जराशी मागे टाक कारण लाइट वरून पडतो. हे सगळं करून २० सेकंद थांब, आणि चेहरा? तो थरथरता कामा नये. कम्पॅरिझनला पंच पाच जणांना पुढे बोलावतात आणि तीच पोझ पुन्हा पुन्हा मागतात, तिथे दम सुटला की पोट सुटतं. आरशासमोर शिकून झालं की आरशाकडे पाठ करून कर, स्टेजवर आरसा नसतो. क्वार्टर टर्नमध्ये, म्हणजे पाव-पाव वळून चारी बाजू दाखवताना, 'रिलॅक्स' म्हणतात तेव्हा पण रिलॅक्स व्हायचं नसतं, हे वेगळं सांगायला लागतं म्हणून सांगतोय.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, त्याची पहिलीच स्पर्धा आहे. घरचं काही खात नाही. रोज उकडलेलं चिकन, घरभर वास, भात काट्यावर मोजून घेतो आणि मी डाळीला फोडणी दिली तर ताट सरकवतो. चिडचिड एवढी की धाकट्या बहिणीशी बोलणं बंद आहे. हे असंच असतं का हो? – एक आई, डोंबिवली

ताई, थोडं असंच असतं, पण जेवढं तुमच्याकडे चाललंय तेवढं असायची गरज नाही. पोटात भूक असली की माणूस तिरसट होतो, शेवटचे तीन-चार आठवडे ते सगळ्यांच्याच घरी होतं, बहिणीला सांगा मनावर घेऊ नको. पण उकडलेलंच खायला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. तेच चिकन आलं-लसूण-हिरवी मिरची, हळद, लिंबू लावून चमचाभर तेलात तव्यावर परतलं तर त्याच्या हिशोबात फक्त ५ ग्रॅम फॅट वाढतं, ते त्याने लिहून घ्यावं, संपलं. डाळीची फोडणी पण तशीच, अर्धा चमचा तेल मोजून. ज्वारीची भाकरी चालते, मासे आणत असाल तर बोंबील, मांदेली, सुरमई सगळं चालतं, कोलंबी तर उत्तमच, फक्त तळू नका. काटा त्याला वापरू द्या, तो काटाच त्याला अंदाजपंचे उपाशी राहण्यापासून वाचवतो.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. त्याला शांतपणे विचारा की कुठली गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का. छातीत धडधड, हाताला कंप, रात्रभर झोप नाही, घामाघूम, यातलं काही दिसत असेल तर ते डाएटमुळे नाही, आणि मग स्पर्धेची तारीख बघत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : सर आमच्या जिममध्ये शेवटच्या आठवड्याचा एक चार्ट फिरतोय. पाच दिवस आधी मीठ बंद, दोन दिवस आधी पाणी बंद, आणि आदल्या रात्री पाणी काढायची गोळी. यानेच कट्स येतात म्हणतात. करू का? – ठाणे

नको. आणि हे नुसतं घाबरवायला नाही, यामागचं गणित समजून घे. स्नायूचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. आदल्या दिवशी तू जे कार्ब लोड करतोस, म्हणजे भात-बटाटा जास्त खातोस, ते ग्लायकोजन म्हणून स्नायूत साठतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी आत ओढून घेतं, त्यानेच मसल भरलेलं, गोल दिसतं. आता पाणीच बंद केलंस तर ते काय ओढणार? मीठ बंद केलं की पंप, म्हणजे व्यायामाने स्नायूत रक्त भरून येणारा फुगार, येत नाही, नसा बसतात. म्हणून तर बुधवारी भारी दिसणारी पोरं रविवारी स्टेजवर चपट दिसतात आणि सोमवारी पिझ्झा खाऊन पुन्हा भारी दिसतात, आणि मग म्हणतात पीक एक दिवस उशिरा आला.

गोळीचं तर नावच काढू नको. ती पाण्याबरोबर पोटॅशियम बाहेर काढते, पोटॅशियम गडबडलं की आधी पोटरीत गोळे येतात आणि नंतर हृदयाचा ठोका चुकतो. मोहम्मद बेनाझिझा जगातल्या अव्वल प्रो बॉडीबिल्डरांपैकी एक, १९९२ मध्ये हॉलंडमधली स्पर्धा जिंकली आणि त्यानंतर काही तासांतच गेला, डिहायड्रेशन आणि डाययुरेटिक्सचंच (याच पाणी काढायच्या गोळ्यांचं) नाव तेव्हापासून त्याच्याबरोबर घेतलं जातं. तो तर प्रो होता, आपण ठाण्यातल्या मैदानावर मेडल आणि ट्रॅकसूटसाठी खेळतोय.

तू काय करायचं: पाणी नेहमीसारखं, मीठ नेहमीसारखं, शेवटचे दोन दिवस भात-बटाटा वाढव, भाजीचा चोथा कमी कर म्हणजे पोट आत राहील, पायांचा शेवटचा जड वर्कआउट चार-पाच दिवस आधी संपव. नवीन काहीही नाही. चरबी असेल तर ती शेवटच्या आठवड्यात कुठल्याच चार्टने जात नाही, आणि नसेल तर चार्टची गरजच काय.

प्रश्न : ट्रेनर म्हणतो स्टेरॉइडची एक छोटी सायकल (कोर्स) मारली नाही तर टॉप फाइव्हचं विसर. वर्कआउटच्या आधी एक इंजेक्शन देतो त्याने ताकद येते खरी. नवोदितला टेस्ट थोडीच होते? – नाव देऊ नये

टेस्ट होते की नाही यावर तू निर्णय घेतोयस इथेच गडबड आहे. वर्णनावरून ते इंजेक्शन मेफेन्टरमिनसारखं वाटतंय, ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं ब्लडप्रेशर पडलं तर ते वर आणायला डॉक्टर वापरतात ते. तू ते धडधाकट असताना घेऊन वर स्क्वॉट मारतोयस. ताकद वाटते, पण मसल त्याने वाढत नाही, ब्लडप्रेशर वाढतं. आणि सवय लागते.

बाकी स्टेरॉइड सापडलं तर पहिल्याच वेळी साधारण ४ वर्षांची बंदी, आणि 'मला माहीत नव्हतं, ट्रेनरने दिलं' हे नाडासमोर (देशातली डोपिंगविरोधी संस्था) चालत नाही, शरीरात जे सापडतं त्याचा जबाब तुझा. सुटी विकतात ती पावडर, लेबल नसलेला प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) हे पण त्यातच आलं. पहिल्या स्पर्धेसाठी पावडरमध्ये व्हे आणि रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन, बस्स. ट्रेनर बदल.

प्रश्न : मी कोल्हापूरची, वय २७, महिला फिजिकमध्ये (महिलांच्या शरीरसौष्ठवाचा गट) उतरायचंय. तयारी बरी चाललीय पण दोन महिने पाळी आली नाहीये, मैत्रीण म्हणते कटिंगमध्ये असं होतंच. दुसरं म्हणजे घरी कॉस्च्युमचं अजून सांगितलेलं नाही, बाबा काय म्हणतील याचीच जास्त धाकधूक आहे.

होतं, पण म्हणून चालतं असं नाही. शरीराला चालवायला लागते तेवढी पण एनर्जी मिळत नाहीये याचा तो निरोप आहे, आणि जास्त दिवस राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, दुसरं काही कारण नाही ना ते कळू दे. तोपर्यंत कार्डिओ अर्धा कर आणि रोजच्या जेवणात दीडदोनशे कॅलरी वाढव, त्यात शेंगदाणे, तूप, अंड्याचा पिवळा यायला पाहिजे. स्पर्धा एक महिना पुढची निवडावी लागली तर निवड.

बाबांचं. तुझ्या गावात लंगोट लावून आखाड्यात उतरणाऱ्या पैलवानाला अख्खं गाव मान देतं, बॉडीबिल्डर सुहास खामकर तिथलाच, २०१० साली मिस्टर आशिया झाला तेव्हा त्याच्या अंगावर काय होतं हे कुणी विचारलं नाही. पण हा युक्तिवाद बाबांसमोर पहिल्या दिवशी करू नकोस, भांडण होईल. त्यापेक्षा त्यांना एखाद्या जिल्हा स्पर्धेला प्रेक्षक म्हणून घेऊन जा. तिथे दुसऱ्यांच्या आया, मामा, काका पुढच्या खुर्च्यांवर बसून ओरडत असतात, निम्मी भीती तिथेच जाते. मुंबईची श्वेता राठोड इंजिनिअर, तिने आशियाई पातळीवरून पदक आणलंय, तिचे फोटो दाखव. आणि कॉस्च्युमचे नियम आयोजकांकडून आधी लेखी घे, ऐनवेळी बदल सांगितला तर तूच अडचणीत येशील.

थोडक्यात काही

*शाकाहारी आहे, जमेल का?* जमतं. कोरड्या सोयाबीन चंक्समध्ये १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन आहे, पण रोज ५० ग्रॅमच्या पुढे गेलास तर गॅसने शेजारी उठून जातील. व्हे, लो फॅट पनीर, ताक, डाळी असं वाटून घे.

*मी आधीच काळा आहे, टॅन (अंगाला फासायचा गडद रंग) लागतो का?* लागतो. स्टेजचे लाइट सगळ्यांनाच धुऊन काढतात. आदल्या रात्री दोन हात, सकाळी एक, मधे डिओ नाही आणि अंघोळ नाही. चादर जुनी घे, आई ओरडेल. हाताला लागून निघणारा रंग फासलास तर बॅकस्टेजलाच पुसायला लावतात.

*पोझिंगला म्युझिक कुठलं?* ६० सेकंद मिळतात. सगळे तेच ढणढण रिमिक्स आणतात. तुला ज्याचा ठेका पाठ आहे ते घे आणि पेनड्राइव्ह दोन ने, एक नक्की चालत नाही.

*बॅगेत काय काय असावं?* ओळखपत्र, ट्रंक, म्हणजे स्टेजवरच्या चड्ड्या, दोन (एकरंगी, चमकी नको), रेझिस्टन्स बँड, नॅपकिन, चप्पल, आणि डबे. डबे जास्तच. पत्रिकेवर सहा वाजता लिहिलेलं असतं, साडेआठपर्यंत शाल-नारळ-सत्कार चालतात आणि तुझा गट साडेदहाला येतो, तोपर्यंत दर दीड-दोन तासाला मूठभर भात, गूळ, केळं असं थोडं थोडं खात राहा, पाण्याचे घोट घे. पंप गटाच्या आधी पंधरा-वीस मिनिटंच, खांदा-छाती-पाठ, पायांचा नको, फुगले की रेषा बुजतात. आणि खाली उतरल्यावर लगेच वडापाव हाणू नकोस, टॉप फाइव्हला परत बोलावतात.