आधी उत्तर माहीत असलेलं सिम्युलेशन चालव

प्रिय विद्यार्थिनीस,

दहा हजार डिप्लॉइड (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असलेले) जीव, दहा लाख बेसचा डीएनएचा तुकडा आणि त्यात एक उपयुक्त म्युटेशन, हे सगळं पहिल्याच दिवशी नको. ज्याचं उत्तर कागदावर निघतं, ते आधी चालव.

स्लिम या उत्क्रांतीचं सिम्युलेशन करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लोकसंख्या N = ५०० घे. एकाच जीवात तटस्थ (ना फायद्याच्या, ना तोट्याच्या) म्युटेशनची एक प्रत टाक आणि १०,००० वेळा चालव. ते फिक्स होण्याची (सगळ्या लोकसंख्येत पसरण्याची) शक्यता १/(२N), म्हणजे हजारात एक. साधारण दहा वेळा फिक्स व्हायला हवं. सात किंवा तेरा आले तरी ठीक, पन्नास आले तर कोडमध्ये घोळ आहे.

मग म्युटेशनचा फायदा s = ०.०२ ठेव, आणि एकच प्रत असताना त्याचा किती भाग मिळतो ते सांगणारा h = ०.५. उपयुक्त म्युटेशन फिक्स होण्याची शक्यता २s, हे जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेनचं सूत्र आठवून तू चारशेची वाट बघशील आणि येतील दोनशेच्या आसपास. प्रोग्रॅमला दोष देऊ नकोस. हॉल्डेनचा s हा एकाच प्रतीचा फायदा. स्लिममधला s दोन्ही प्रती असलेल्या जीवाचा, एक प्रत असेल तर hs. या दुपटीच्या फरकाने भल्याभल्यांचे आलेख चुकतात.

आता N = १०,०००. सुरुवातीला लोकसंख्येत विविधता शून्य असते. ती समतोलाला यायला १०N, म्हणजे एक लाख पिढ्या धरतात. इतका वेळ घालवायचा नसेल तर ट्री-सीक्वेन्स नोंदणी (कोण कोणाचा वंशज याची नोंद) चालू कर, तटस्थ म्युटेशन्स वगळ; मागचा इतिहास नंतर एमएसप्राइम या दुसऱ्या सिम्युलेशन प्रोग्रॅमने जोड आणि ती तटस्थ म्युटेशन्स शेवटी टाक. मात्र हा जोडलेला भूतकाळ तटस्थच असतो. नैसर्गिक निवड आधीपासून चालू असेल तर ही पळवाट नको. म्युटेशन दर μ (दर बेसमागे, दर पिढीला) १.२५ × १०⁻⁸ असेल तर उपयुक्त म्युटेशन टाकण्याआधी दर बेसमागे विविधता ४Nμ, म्हणजे ०.०००५ च्या जवळ दिसली पाहिजे.

वेग वाढवायला सगळे Q हा एक आकडा वापरतात: N आणि पिढ्या Q ने भागायच्या, μ, r (रिकॉम्बिनेशनचा दर), s Q ने गुणायचे. Q = १० केलास की ०.०२ चा s ०.२ होतो, आणि s लहान आहे हे गृहीतकच कोसळतं. Q = १० आणि ५ दोन्ही चालवून बघ. उत्तर हललं तर Q आणखी कमी कर.

सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या) प्रत्येक जॉबला वेगळा, आणि फाइलच्या नावातच लिही. फिक्स झालेलेच रन ठेवणार असशील तर वाया गेलेलेही मोज. टिकलेल्यांत म्युटेशन सुरुवातीला नेहमीपेक्षा भराभर वाढलेलं दिसतं.

५०० चे दोन्ही आकडे आधी पाठव.