बाई, आमच्याकडे तर तीनच टक्क्याने मिळतं

प्रश्न: मी सातवीला गणित शिकवते. सरळव्याजाच्या तासाला फळ्यावर द.सा.द.शे. ९ लिहिलं तर एक मुलगा म्हणाला, बाई आमच्याकडे तीनच टक्क्याने मिळतं, पुस्तकातलं महाग आहे. मला काय बोलावं सुचेना. वर्गातल्या बऱ्याच घरांवर कर्ज आहे, कुणाला वाईट न वाटता हे कसं शिकवू?
– एक शिक्षिका

उत्तर: ताई, त्याचं बोलणं सोडून देऊ नका, धडा तिथूनच सुरू करा. ते तीन टक्के बहुतेक महिन्याचे असणार, खाजगीत पैसे देणारे महिन्याचाच दर बोलतात, म्हणजे वर्षाचे झाले ३६! १०,००० घेतले तर दरमहा ३०० नुसतं व्याज, असे ३४ महिने भरले की १०,२०० गेले आणि मुद्दल आहे तिथंच. फक्त हे त्या पोराचं नाव घेऊन करू नका, समजा एका बाईने शिलाई मशीनसाठी घेतले असं म्हणा. आणि घरचं कर्ज लिहून आणा असला गृहपाठ तर अजिबात नको, पोरं घरी जाऊन विचारतात आणि आईबापाला मान खाली घालावी लागते.

मग हप्त्याचं गणित घ्या, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण दोन-चार वर्षांत हीच मुलं मोबाईल हप्त्यावर मागणार आहेत. फोन १२,००० चा, व्याज १२ टक्के फ्लॅट, म्हणजे वर्षभर पूर्ण १२,००० वरच, हप्ते १२, प्रत्येकी १,१२० चा, म्हणजे व्याज १,४४०. आता वहीत बारा ओळी आखायला लावा, दर महिन्याला १,००० मुद्दल फिटतं म्हणजे बाकी १२,०००, मग ११,०००, मग १०,००० अशी उतरत जाते, त्या त्या बाकीवर महिन्याचा १ टक्का काढायचा आणि शेवटी बेरीज. ७८० येते. दर तोच १२, तरी जवळपास दुप्पट व्याज, कारण फ्लॅटमध्ये फिटलेल्या पैशावर पण व्याज लावतात. यावर अख्खा तास गेला तरी जाऊ द्या, घाई करू नका.

कर्ज म्हणजे वाईटच असंही सांगू नका हं. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने वर्षाला ४ टक्क्यांनी पडतं, त्याच्यावर कितीतरी घरांची पेरणी होते. म्हणून मुलांच्या तोंडी दोन प्रश्न बसवा, दर महिन्याचा का वर्षाचा, आणि व्याज पूर्ण रकमेवर का उरलेल्या.

त्या मुलाला पुढच्या तासाला फळ्यापाशी जरूर बोलवा, पण बारा ओळींच्या गणितासाठी, तीन टक्क्यांच्या नाही.