नाशिक रोडचा शिक्का कोणत्या कार्डावर घ्यावा?

तुम्ही विचारलंय की टपाल तिकिटं आपल्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात, मग कुठल्याही मॅक्सिमम कार्डावर (म्हणजे चित्राच्या बाजूला तिकीट लावून टपाल कार्यालयाचा शिक्का घेतलेल्या चित्रकार्डावर) नाशिक रोडचा शिक्का घेतला तर जागेचा मेळ बसला असं धरायचं का? नाही धरता येत. तिकीट कुठे छापलं याचा या छंदात संबंधच येत नाही. तिकिटावर जे दाखवलंय त्याचं आणि शिक्क्यावरच्या गावाचं नातं काय, एवढंच पाहतात.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. मॅक्सिमम कार्डात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: विषय, जागा आणि वेळ. तिकिटावर जे आहे तेच चित्रकार्डावर हवं, शिक्का त्या विषयाशी नातं असलेल्या गावचा हवा आणि शिक्क्याची तारीख तिकीट निघाल्याच्या दिवसाच्या जितकी जवळ तितकी चांगली. तिकीट एकच, तेही चित्राच्या बाजूला, आणि शिक्क्याचा काही भाग तिकिटावर तर काही कार्डावर उमटायला हवा. कार्ड टपालातून प्रवास करून आलेलं असावं अशी अट नाही.

तुमच्या प्रश्नाला एक सुंदर अपवाद आहे. १९७५ च्या डिसेंबरात इंडिया सिक्युरिटी प्रेसच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २५ पैशांचं तिकीट निघालं. त्यावर विषयच प्रेस आहे, तेव्हा नाशिक रोडचा शिक्का इथे अगदी हक्काचा. अडचण चित्रकार्डाची. प्रेस ही कडक बंदोबस्तातली जागा, तिची चित्रकार्डं पर्यटनस्थळांच्या कार्डांसारखी दुकानात लटकत नाहीत. त्या काळातलं असं कार्ड कुठे दिसलं तर सोडू नका.

खरं तर आपल्या जिल्ह्यात नाशिक रोडपेक्षा लहान टपाल कार्यालयांचे शिक्के जास्त मोलाचे आहेत. दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. त्यांचं तिकीट ३० एप्रिल १९७१ ला निघालं. त्यांच्या छायाचित्राच्या कार्डावर त्र्यंबकचा शिक्का जन्मस्थान म्हणून बसतो. नाशिकचाही चालतो, कारण त्यांची चित्रपट कंपनी इथे होती आणि १९४४ साली देहही इथेच ठेवला. मुंबईचाही चालतो, ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये तिथे प्रदर्शित झाला. पण मला विचाराल तर मी त्र्यंबकच निवडेन. मोठ्या शहरांत पहिल्या दिवशी शिक्का घेणारे पुष्कळ असतात. त्याच दिवशी त्र्यंबकला कार्ड घेऊन जाणारा विरळा, म्हणून असं कार्ड हाती लागणंही दुर्मीळ.

सावरकरांचं तिकीट २८ मे १९७० चं. त्यावर त्यांच्यामागे अंदमानचं सेल्युलर जेल आहे. म्हणजे त्यांचं जन्मगाव भगूर आणि जेल जिथे आहे ते पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), दोन्ही शिक्के योग्य. फक्त जेलच्या इमारतीचं कार्ड घेऊ नका, मुख्य विषय चेहरा आहे.

येवल्याकडे तर संग्राहकांचं लक्षच जात नाही याची मला खंत वाटते. तात्या टोप्यांचं जन्मस्थान येवला, त्यांचं तिकीट १९८४ चं. आणि याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. बाबासाहेबांवर अनेक तिकिटं आहेत. बहुतेक जण महूचा किंवा नागपूरचा शिक्का घेतात. येवल्याचा घेतलात तर नातं तितकंच भक्कम, आणि कार्डाच्या मागे दोन ओळींत ते लिहून ठेवता येतं. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहामुळे नाशिकचा शिक्काही समर्थनीय आहे. मात्र चेहऱ्याच्या तिकिटाला मंदिराचं कार्ड लावलंत की विषयाचा मेळ तुटतो.

आता वेळेचं. १९७० चं तिकीट आज लावून आज शिक्का मारून घेतला तर प्रदर्शनात परीक्षक नाक मुरडणारच, जयंतीचा दिवस साधलात तरी. जुन्या तिकिटांसाठी त्याच काळात झालेली कार्डं विकत घ्या आणि स्वतःचे कष्ट नव्या तिकिटांवर लावा. त्यासाठी टपाल खात्याकडे फिलाटेली डिपॉझिट अकाउंट (तिकीटसंग्राहकांचं ठेव खातं) उघडा, २०० रुपयांपासून उघडता येतं आणि नवी तिकिटं घरी येतात. चित्रकार्ड मात्र आधीपासून जमवून ठेवावं लागतं. तिकिटाचीच मोठी केलेली प्रत छापून कार्ड म्हणून वापरू नका. कोलाज आणि झेरॉक्सही प्रदर्शनात चालत नाहीत. चित्राने कार्डाचा किमान ७५ टक्के भाग व्यापलेला हवा, हा नियम रुंद पांढरी चौकट असलेली कार्डं घेताना लोक विसरतात.

शिक्क्याबद्दल एकच सांगतो, पण मनापासून. गर्दीच्या वेळी काउंटरवर कार्ड पुढे सरकवू नका. दुपारी जा, पोस्टमास्तरांना छंद समजावून सांगा, शिक्का आधी कोऱ्या कागदावर उमटवून पाहायची विनंती करा. गुळगुळीत चकचकीत कार्डावर शाई लवकर वाळत नाही आणि बोट लागलं की पसरते. म्हणून मॅट कार्ड बरं. चकचकीतच असेल तर ते उघडंच सपाट धरून घरी आणा आणि रात्रभर तसंच ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटात घालू नका, आम्लरहित कागदाचा अल्बम घ्या. पावसाळ्यात तो भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.

सुरुवातीला भगूर, त्र्यंबक किंवा येवला यांतलं एकच गाव निवडा. कोणतं निवडलंत ते इथे कळवा, त्याला कोणतं चित्र शोधायचं ते मी सांगतो.