कीर्तन मध्येच अडकतं

प्रश्न: गावातल्या कीर्तनांच्या व्हिडिओंतून मी पायथन प्रोग्राममधून एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओ रूपांतर करणारं साधन) चालवून एमपीथ्री काढतो. छोट्या फाइली होतात. दोन तासांचं कीर्तन मध्येच अडकतं, एररही नाही. टर्मिनलवर तीच कमांड सुरळीत! – एक वाचक, सांगली

उत्तर: पाठवलेल्या कोडमध्ये 'एसटीडीएरर=पाइप' (एसटीडीएरर म्हणजे प्रोग्रामची एरर आणि सूचना लिहायची वाट; इथं ती पायथनकडे येणाऱ्या नळीला जोडलीय) आणि खाली 'वेट()' दिसतंय. तिथंच घोळ आहे. एफएफएमपेग प्रगतीच्या ओळी एसटीडीएररवर ओततो आणि लिनक्सवर तो पाइप सहसा 64 केबीत भरतो. मग एफएफएमपेग जागा मोकळी होण्याची वाट बघतो, पायथन एफएफएमपेग संपण्याची. 'वेट()'ऐवजी 'कम्युनिकेट()' वापरा, ते पाइप उपसत राहतं. मी तर एसटीडीएरर सरळ लॉग फाइलमध्येच सोडतो. रात्रभर काय झालं ते सकाळी वाचता येतं. 'डेव्हनल'मध्ये (टाकलेलं सगळं गिळणाऱ्या खड्ड्यात) मात्र फेकू नका, खरी एररही तिथंच गडप होईल. आणि कमांडला '-नोएसटीडीइन' जोडा, नाहीतर हा बाबा कीबोर्डकडे कान लावून बसतो.