स्थिर पानावर डेटाबेसमधल्या नोंदींचा ताजा आकडा कसा दाखवावा?

तुमचा प्रश्न असा, की देवगडच्या वाचनालयाचं पान साधं एचटीएमएल आहे आणि त्यावर एकूण पुस्तकं व सभासद किती, हे आपोआप दिसायला हवं.

साधं पान स्वतःहून डेटाबेसशी बोलत नाही, मध्ये कुणीतरी लागतं. जावास्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा पासवर्ड लिहून थेट जोडायचा मोह टाळा. पानाचा सोर्स उघडला की तो कुणालाही दिसतो.

मी असतो तर हे केलं असतं: सर्व्हरवर क्रॉनने (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) दर १० मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट चालवायची. ती 'सिलेक्ट काउंट'ची क्वेरी मारते, म्हणजे डेटाबेसला नोंदी किती ते विचारते, आणि आलेला आकडा एका जेसन फाइलमध्ये (माहिती ठेवायची साधी मजकूर फाइल) लिहिते. पान उघडल्यावर जावास्क्रिप्टचं फेच हे फंक्शन ती फाइल वाचून आकडा जागेवर टाकतं. पावसाळ्यात लाइन गेली नि डेटाबेसचा संगणक बंद पडला, तरी फाइल वेगळ्या होस्टिंगवर असेल तर शेवटचा आकडा दिसत राहतो. फाइलमध्ये वेळही लिहा, म्हणजे आकडा कधीचा ते कळेल. नवी फाइल आधी वेगळ्या नावाने लिहून मग नाव बदला, नाहीतर अर्धवट फाइल वाचली जाते.

अगदी क्षणाक्षणाचाच आकडा हवा असेल तर फाइलऐवजी पीएचपीचं (सर्व्हरवर चालणारी भाषा) छोटं पान ठेवा, ते दर वेळी डेटाबेसलाच विचारतं. पण वाचनालयाला एवढी घाई कशाला?

आकडा जुनाच दिसला तर आधी ब्राउझरची कॅश, म्हणजे त्याने साठवलेली जुनी प्रत, बघा. फेचला कॅशसाठी 'नो-स्टोअर' हा पर्याय द्या, म्हणजे तो साठवलेली प्रत वापरत नाही. आणि टू-लोकेल-स्ट्रिंग या जावास्क्रिप्टच्या फंक्शनला 'एमआर-आयएन' (भारतातल्या मराठीची खूण) दिलं की आकडे देवनागरीत येतात.