सरकारी योजना गावात पोचतात, तरी लोकांपर्यंत का पोचत नाहीत?

तुम्ही विचारलंय की भ्रष्टाचार बाजूला ठेवला तरी चांगल्या योजना गावात जाऊन का फसतात, आणि महसूल खात्यात बसलेल्याला ते आतून कसं दिसतं. मी सोलापूर जिल्ह्यात नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. जे सांगतोय ते बहुतेक दुष्काळी सांगोला-मंगळवेढ्याकडचं आहे, कालव्याखालच्या माळशिरसवाल्याला ते पटेलच असं नाही.

सरकार गाव मोजतं. आमच्याकडची निम्मी माणसं गावात राहतच नाहीत, वस्तीवर राहतात.

गावठाणात देऊळ, ग्रामपंचायत, शेतीकर्जाची सोसायटी, चार दुकानं. बाकी सगळं शिवारात पांगलेलं. भावाभावांत वाटण्या झाल्या, कुणी विहीर पाडली, कुणी डाळिंब लावलं, राखणीला म्हणून शेतात गेलेला माणूस तिथंच घर बांधून राहिला. अमक्याची वस्ती, तमक्याचा मळा. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, वस्ती नसते. तालुक्याला जाणाऱ्या जवळपास प्रत्येक तक्त्यात पहिला रकाना ‘गावाचे नाव’ आणि दुसरा ‘लोकसंख्या’. पुढचे सगळे निर्णय त्या दोन रकान्यांतून निघतात.

टँकरचंच बघा. ग्रामपंचायतीचा ठराव, पंचायत समितीचा प्रस्ताव, मग पाहणी, मग मंजुरी. माणशी रोज वीस लिटर हा हिशोब. लोकसंख्या कुठली? 2011 च्या जनगणनेची. 2019 च्या दुष्काळात 2018 ची लोकसंख्या धरा आणि जनावरंही धरा असं वरून सांगितलं गेलं, ते बरोबरच होतं. पण टँकर शेवटी रिकामा होतो तो बहुतेक गावच्या विहिरीत. तीन किलोमीटरवरच्या वस्तीवरची बाई तिथून घागर आणणार कशी? ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो टिपाडं भरून नेतो, बाकीचे खाजगी टँकर विकत घेतात. इकडे कागदावर खेप पूर्ण, जीपीएसवर खेप पूर्ण, लॉगबुकात सही. कुणी खोटं लिहिलेलं नसतं, चौकशी लावली तरी काही सापडायचं नाही.

रस्त्याचं दुखणं याहून मोठं. तहसीलमध्ये घरकुलाच्या अर्जांपेक्षा रस्त्याची भांडणं जास्त डोकं खातात. पूर्वी एकमेकांच्या बांधावरून बैलगाडी जायची, कुणी कागद केला नाही. आता वाटण्या होऊन तुकडे बारीक झाले आणि ज्याच्या शेतातून वाट जाते त्याला ती फूटभरसुद्धा परवडत नाही. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम पाच आहे, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा लागतो. नात्यातलाच माणूस असतो, यंदा सोडेल पुढच्या वर्षी सोडेल म्हणत मुदत निघून जाते. मग उरतं जमीन महसूल संहितेचं कलम 143, म्हणजे बांधावरून नवा रस्ता मागायचा. स्थळपाहणी, पंचनामा, आदेश, वर अपील. गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषेचा गाडीमार्ग किंवा एकेरी तुटक रेषेची पायवाट असेल तर काम सोपं. वस्त्या नकाशानंतर झाल्या, त्यांची रेघ कुठून असणार? तोवर पावसाळ्यात दुधाची गाडी येत नाही, बाळंतीण असली तर 108 ची गाडी डांबरीवर थांबते आणि तिला खाटेवरून तिथवर आणावं लागतं. अशा वस्तीवरच्या माणसाला घरकुल मिळालं, गॅस मिळाला, शौचालयाचं अनुदानही मिळालं. त्यानं मागितलं होतं काय, तर रस्ता.

ग्रामसभेत का मांडत नाहीत, असं तुम्ही म्हणाल. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, पंधरा टक्के मतदार किंवा शंभर मतदार, जे कमी असेल ते. देवळाभोवतीची माणसं जमली की झाली पूर्ण, आणि पूर्ण नाही झाली तर तहकूब सभेला तीही अट नाही. वस्तीवरची बाई धारा काढून, पोरं शाळेला लावून अकरा वाजता गावात यावी ही अपेक्षा ज्यानं केली त्यानं वस्ती पाहिलेली नाही.

हे खेड्यापुरतं आहे असंही नाही. सोलापूर शहराची हद्द 1992 मध्ये वाढली. इतकी वर्षं उलटली तरी लोक त्या भागाला ‘हद्दवाढ’च म्हणतात, आणि पत्ता सांगताना त्यातच रस्त्याची आणि ड्रेनेजची तक्रार येऊन जाते.

सगळ्या वस्त्यांना डांबरी द्या, असं मी म्हणणार नाही. ते होणार नाही आणि पांगून राहण्याची थोडी किंमत ज्यानं त्यानं सोसायलाही हवी, या मताचा मी आहे. पण मोजायला काय हरकत आहे? सरकारला ते जमतं, कारण पल्स पोलिओत ते केलेलं आहे. त्या मोहिमेत गावाची लोकसंख्या घेऊन कुणी बसलं नाही. कर्मचारी दारादारात गेले, दारावर खडूनं खूण केली, बंद घर दिसलं तर पुन्हा गेले. वस्ती, वीटभट्टी, ऊसतोड्यांच्या कोप्या, एसटी स्टँड, काही सोडलं नाही. 2011 च्या जानेवारीनंतर देशात पोलिओच्या मूळ (वाइल्ड) विषाणूचा एक रुग्ण नाही आणि 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. माणसं तीच, खातंही सरकारीच. फरक एवढाच की मोजणी दारापासून सुरू झाली.

तुम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करताय असं प्रश्नावरून वाटतं. या खात्यात आलात आणि तालुका मिळाला, तर पहिल्या महिन्यात तलाठ्याकडून वस्त्यांची यादी मागा. ती अपुरी असेल. मग आशाताईंची आणि अंगणवाडीची नोंदवही मागवा, त्यात घर न् घर असतं, कुठल्या घरात गरोदर बाई आहे इथपर्यंत. कोतवालाला, म्हणजे तलाठ्याच्या गावातल्या मदतनीसाला, सोबत घेऊन दोन्ही ताडून बघा आणि टँकरचा प्रस्ताव पुढ्यात आला की ‘गावाचे नाव’ या रकान्याखाली वस्त्यांची नावं लिहायला लावा. वरचं कार्यालय नमुना बदलला म्हणून परत पाठवेल. तेव्हा वस्त्यांचं वेगळं परिशिष्ट जोडायचं, परिशिष्टाला कुणी हरकत घेत नाही.