वाचकांचे प्रश्न : मॅरेथॉनमधील वेळेचे उद्दिष्ट आणि पूर्व आफ्रिकेचे वर्चस्व

मॅरेथॉनविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. धावण्याच्या वेळा तास, मिनिटे आणि सेकंद या क्रमाने लिहिल्या आहेत; 2:15 असे दोनच आकडे असतील तेथे ते तास आणि मिनिटे समजावेत.

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकच्या पुरुष मॅरेथॉनमध्ये भारताचा एकही धावपटू नव्हता. थेट पात्रतेसाठी 2:08:10 ही वेळ लागत होती, असे वाचनात आले. आपल्या धावपटूंसमोर हेच उद्दिष्ट ठेवणे वास्तवाला धरून होईल का? (एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली)

उत्तर : आपण विचारलेली वेळ आधी किलोमीटरमध्ये मांडून पाहू, कारण 42.195 किलोमीटरची एकत्रित वेळ ऐकताना तिच्यातील कष्ट नीट जाणवत नाहीत. 2:08:10 म्हणजे प्रत्येक किलोमीटर सुमारे 3 मिनिटे 2 सेकंदांत पार करणे. शिवनाथ सिंग यांनी 1978 साली जालंधर येथे 2:12:00 ही वेळ नोंदवली आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून अधिक काळ कोणालाही मोडता आला नाही. त्या धावेचा वेग किलोमीटरला सुमारे 3 मिनिटे 8 सेकंद असा होता. दोहोंमधील फरक साडेपाच सेकंदांचा आहे. तो किरकोळ वाटतो, पण बेचाळीस वेळा तो भरून काढायचा असतो आणि शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये शरीरातील साठवलेली साखर संपत आलेली असताना भरून काढायचा असतो.

शिवनाथ सिंग यांच्या वेळेकडे मी नेहमीच आदराने आणि काहीशा खंतीने पाहतो. अनवाणी धावण्यासाठी प्रसिद्ध असलेला हा सैनिक 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये 2:16:22 वेळेसह अकरावा आला होता. जपानच्या मोरिओ शिगेमात्सू यांनी 1965 साली इंग्लंडमध्ये जागतिक विक्रम केला, तोही नेमका 2:12:00 असाच होता. म्हणजे जगाने 1965 मध्ये गाठलेली पायरी आपण 1978 मध्ये गाठली आणि त्या वेळी जगातील सर्वोत्तम वेळ आपल्यापेक्षा केवळ साडेतीन मिनिटांनी पुढे होती. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये केनियाच्या केल्विन किपटुमने शिकागो येथे 2:00:35 वेळ नोंदवली, तेव्हा हेच अंतर अकरा मिनिटांच्या पुढे गेले होते. आपले धावपटू मागे गेले, असे मात्र मी म्हणणार नाही. आपण जेथे होतो तेथेच राहिलो आणि शर्यत पुढे निघून गेली.

पात्रतेच्या अटीही त्याच गतीने कडक होत गेल्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी 2:19:00 पुरेसे होते, टोकियोसाठी 2:11:30 लागले आणि पॅरिससाठी 2:08:10. रिओमध्ये आपले तीन पुरुष धावले. टी. गोपी 2:15:25 वेळेसह पंचविसावा आणि खेताराम त्याच्या मागोमाग अवघ्या एका सेकंदाने सव्विसावा आला. दोघेही एकमेकांना ओढत शेवटपर्यंत टिकले, हे माझ्या दृष्टीने त्या दिवशीचे सर्वांत मोलाचे दृश्य होते. गोपीने पुढे 2017 साली आशियाई मॅरेथॉन अजिंक्यपद मिळवले आणि 2019 मध्ये सोल येथे 2:13:39 पर्यंत मजल मारली. 2024 च्या जानेवारीत मान सिंगने हाँगकाँग येथे 2:14:19 वेळेसह आशियाई सुवर्णपदक जिंकले.

आता आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर देतो. एखाद्या एका धावपटूसाठी 2:08 हे उद्दिष्ट अशक्य नाही, परंतु देशाच्या व्यवस्थेचे पहिले उद्दिष्ट म्हणून ते चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वर्षात आपले किती पुरुष 2:15 च्या आत धावतात, हा आकडा आपण मोजला पाहिजे आणि तो दहापर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले पाहिजे. दहा जण 2:15 मध्ये धावू लागले की त्यांतील तिघे-चौघे 2:12 कडे सरकतात, कारण सरावात रोज कोणीतरी खांद्याला खांदा लावून असतो. एकटा धावपटू 2:12 च्या आसपास पोहोचला तर त्याच्या दुखापतीबरोबर सगळा डाव मोडतो.

येथे आपल्याकडील एका पद्धतीविषयी बोलणे भाग आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये परदेशी आणि भारतीय धावपटूंसाठी वेगवेगळी बक्षिसे असतात. 2023 मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने तेथे 2:07:32 हा स्पर्धाविक्रम केला, तर भारतीय गटात नितेंद्र सिंग रावतने 2016 साली नोंदवलेली 2:15:48 ही वेळ दीर्घकाळ सर्वोत्तम राहिली. वेगळे बक्षीस असणे योग्यच आहे, कारण त्यावर कित्येक घरे चालतात. परंतु त्यामुळे आपला धावपटू त्या दिवशी दुसऱ्या भारतीयाकडे पाहून धावतो, घड्याळाकडे पाहून धावत नाही. त्यातच मुंबईची दमट हवा आणि पेडर रोडचा चढ वेगवान वेळेला अनुकूल नाहीत. वेळ काढायची असेल तर वर्षातील एक मॅरेथॉन रॉटरडॅम, सोल किंवा व्हॅलेन्सियासारख्या सपाट व थंड मार्गावर, योग्य वेगाच्या धावगटात धावली पाहिजे.

प्रश्न : पहिल्या दहांत पाहावे तर केनिया आणि इथिओपिया यांचीच नावे दिसतात. हा वंशाचा आणि डोंगराळ प्रदेशाचा परिणाम असेल तर इतर देशांनी प्रयत्न करून काय उपयोग? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : वर्चस्व खरे आहे, पण ते अनादि काळापासून नाही, ही गोष्ट बहुतेक चर्चांमध्ये निसटून जाते. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी 1960 साली रोममध्ये अनवाणी धावून 2:15:16 वेळेत सुवर्ण जिंकले आणि 1964 मध्ये टोकियोत ते पुन्हा जिंकले, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु 1967 मध्ये 2:10 च्या आत प्रथम धावला तो ऑस्ट्रेलियाचा डेरेक क्लेटन आणि 1985 मध्ये 2:08 च्या आत प्रथम धावला तो पोर्तुगालचा कार्लोस लोपेस. 1998 मध्ये बर्लिनमध्ये 2:06:05 हा विश्वविक्रम ब्राझीलच्या रोनाल्डो द कोस्ताच्या नावावर लागला. पुरुषांच्या मॅरेथॉनचा जागतिक विक्रम करणारा पहिला केनियन म्हणजे पॉल टेरगट आणि त्याचे साल आहे 2003. त्याने बर्लिनमध्ये 2:04:55 वेळ नोंदवली. केनियाला पुरुष मॅरेथॉनचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण 2008 मध्ये बीजिंगला सॅम्युअल वांजिरूने मिळवून दिले.

केनियातील बहुतेक धावपटू ज्या उंच प्रदेशातून येतात त्या रिफ्ट व्हॅलीतील लोकांचे रक्त आणि तेथील डोंगर 2003 साली बदलले नव्हते. बदलली होती ती शर्यतींची अर्थव्यवस्था. पूर्वी उत्तम केनियन धावपटू ट्रॅकवर तीन हजार, पाच हजार, दहा हजार मीटर धावत आणि कारकीर्द संपत आली की मॅरेथॉनकडे वळत. शहरांच्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये पैसा वाढला तसे तरुण थेट रस्त्यावर उतरू लागले. किपटुम हे त्याचे टोकाचे उदाहरण होते. त्याने पहिली मॅरेथॉन 2022 च्या डिसेंबरमध्ये व्हॅलेन्सियात 2:01:53 वेळेत धावली, दुसरी लंडनमध्ये 2:01:25 मध्ये आणि तिसरी शिकागोत विश्वविक्रमासह. 2024 च्या फेब्रुवारीत वयाच्या चोविसाव्या वर्षी तो मोटार अपघातात गेला. पुढच्या पाच वर्षांत त्याने काय केले असते, हा विचार या खेळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला आजही अस्वस्थ करतो.

उंचीचा लाभ होतो, हे मी नाकारत नाही. केनियातील इटेन सुमारे 2400 मीटर उंचीवर आहे आणि तेथे वाढलेल्या मुलाची फुप्फुसे व रक्त विरळ हवेला सरावलेले असते. त्या भागातील कॅलेंजिन समाजातील अनेकांची सडपातळ, लांब पोटरीही धावण्यातील ऊर्जा वाचवते. परंतु उंच प्रदेश नेपाळमध्ये आहेत, पेरूमध्ये आहेत, आपल्या लडाखमध्येही आहेत आणि तेथून विश्वविजेत्यांची रांग लागलेली नाही. इटेनमध्ये उंचीच्या जोडीला सेंट पॅट्रिक्स ही शाळा आहे, 1976 पासून तेथे मुले घडवणारे आयरिश धर्मबंधू कॉल्म ओ’कॉनेल आहेत, मातीचे रस्ते आहेत आणि पहाटे एकत्र निघणारे मोठमोठे गट आहेत. त्या गटात सामील झालेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला 2:05 ही वेळ दंतकथेसारखी वाटत नाही, कारण ती काढणारा माणूस त्याच्या शेजारी बसून उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) खात असतो. इथिओपियातील बेकोजी या छोट्या गावाचेही तसेच आहे.

या गर्दीची खोली किती आहे, हे 2012 मध्ये जगाला दिसले. ऑलिंपिकमध्ये एका देशाचे तीनच धावपटू उतरू शकतात. केनियाने त्या वर्षी तेव्हाचा विश्वविक्रमवीर पॅट्रिक मकाऊ याला संघाबाहेर ठेवले आणि आदल्या वर्षी बोस्टनमध्ये 2:03:02 धावलेल्या जेफ्री मुताईलाही वगळले. बोस्टनचा मार्ग उताराचा आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा असल्याने ती वेळ विक्रम म्हणून धरली जात नाही, पण तशी वेळ काढणाऱ्याला घरी ठेवणे दुसऱ्या कोणत्या देशाला परवडले असते? आणि तरीही लंडनमध्ये सुवर्ण जिंकले ते युगांडाच्या स्टीफन किप्रोटिचने. 2025 च्या टोकियो जागतिक स्पर्धेत टांझानियाच्या अल्फोन्स सिम्बूने जर्मनीच्या अमानाल पेट्रोसला सेकंदाच्या शतांशांच्या फरकाने हरवले. वेळेच्या यादीवरील वर्चस्व आणि एका दिवसाची शर्यत या वेगळ्या गोष्टी आहेत.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांत केनियाचे कित्येक धावपटू निलंबित झाले आहेत आणि वेगवान वेळेमागे संशयाची सावली येते. बुटांचाही वाटा आहे. 2017 नंतर जाड, हलका फोम आणि कार्बन प्लेट असलेले बूट आले आणि 2020 मध्ये तळव्याची जाडी 40 मिलिमीटरपर्यंत मर्यादित करावी लागली. त्यामुळे जुन्या आणि नव्या वेळांची तुलना जपून करावी. मात्र हे बूट सर्वांनाच मिळतात, म्हणून देशादेशांतील अंतराचे कारण त्यांच्यात शोधू नये.

आपल्याला वंशाचा प्रश्न फारच भेडसावत असेल तर बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेकडे पाहावे. राष्ट्रकुल स्पर्धेतील तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) 1998 पासून सगळी पदके केनियाच नेत असे. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला साबळेने 8 मिनिटे 11.20 सेकंद वेळेसह रौप्य जिंकले आणि सुवर्ण त्याच्यापासून अवघे पाच शतांश सेकंद दूर राहिले. त्यानेच 2020 मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन 1:00:30 वेळेत धावून राष्ट्रीय विक्रम केला होता. जपानचे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. समुद्रसपाटीवरच्या या देशात विद्यापीठांच्या एकिडेन या रस्त्यावरील लांब पल्ल्याच्या रिले शर्यती आणि कंपन्यांचे पगारी संघ यांच्या बळावर पिढ्यानपिढ्या धावपटू तयार होतात. तेथील 2:06:16 हा राष्ट्रीय विक्रम 2002 पासून सोळा वर्षे अडकून पडला होता. तो मोडणाऱ्याला दहा कोटी येन देण्याची योजना आली, 2018 मध्ये तो दोनदा मोडला आणि 2021 मध्ये केंगो सुझुकीने तो 2:04:56 वर आणला. वांजिरूही शालेय वयात जपानला जाऊनच घडला होता.

प्रश्न : माझे वय 21 आहे. सातारा येथे घाटात सराव करतो. सपाट मार्गावर अर्धमॅरेथॉन 1:09 मध्ये धावलो आहे. यंदा पहिली मॅरेथॉन 2:15 मध्ये धावण्याचे ठरवले आहे. हे जमेल का? (एक तरुण धावपटू, सातारा)

उत्तर : यंदा जमणार नाही आणि तसा प्रयत्न तू करू नयेस. अर्धमॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट करून त्यात काही मिनिटे मिळवली की मॅरेथॉनच्या वेळेचा साधारण अंदाज येतो. किपटुमची अर्धमॅरेथॉनमधील सर्वोत्तम वेळ 58 मिनिटे 42 सेकंद होती आणि शिकागोत त्याला दुपटीवर केवळ तीन मिनिटे अकरा सेकंद जास्त लागले. हे जगातील सर्वोत्तम माणसाचे गणित आहे. नवख्याने सहा ते आठ मिनिटे धरावीत. तुझ्या 1:09 वरून 2:24 ते 2:26 ही वेळ निघते आणि एकविसाव्या वर्षी पहिल्या मॅरेथॉनसाठी ती चांगलीच आहे.

2:15 च्या वेगाने निघालास तर पहिला अर्धा भाग 1:07:30 मध्ये जाईल, म्हणजे तुझ्या आजवरच्या सर्वोत्तम वेळेपेक्षाही वेगात, आणि तिसाव्या किलोमीटरनंतर चालण्याची वेळ येईल. शिकागोत किपटुमने पहिला अर्धा भाग 60 मिनिटे 48 सेकंदांत आणि दुसरा 59 मिनिटे 47 सेकंदांत धावला होता, हे लक्षात ठेव.

माझा सल्ला असा, की पुढची दोन वर्षे मॅरेथॉन बाजूला ठेवावी. दहा हजार मीटर ट्रॅकवर तीस मिनिटांच्या आत आण आणि अर्धमॅरेथॉन 1:05 वर आण. घाटातील सराव पायांना बळ देतो, तो सोडू नकोस, परंतु आठवड्यातून दोन दिवस सपाट रस्त्यावर ठरावीक वेगाने धाव, कारण चढावर लय बसत नाही. तुझ्यापेक्षा थोडे वेगवान असे तीन-चार साथीदार शोध. पुण्यात लष्कराच्या क्रीडा संस्थेचे आणि इतर गटांचे धावपटू सराव करतात आणि तुझ्यापासून ते शहर अडीच तासांवर आहे. महिन्यातून एकदा जरी त्यांच्याबरोबर लांब पल्ल्याचा सराव मिळाला तरी तो घे. 1:05 ची वेळ आली की मला पुन्हा पत्र लिही. तेव्हा आपण 2:16 चा आराखडा किलोमीटरनिहाय मांडू.